जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीची सीट: घेण्याआधी काय पाहाल?

गाडीला दहा-बारा वर्षे झाली की इंजिनाच्या आधी तिची सीट दमते, आणि त्यातही चालकाची. आपल्याकडे चालक उजव्या दाराने चढतो-उतरतो, त्यामुळे त्याच्या सीटची उजवी कड रोज घासली जाते. आधी कापड विरते, मग शिवण उसवते, आतल्या फोमचा चुरा खालच्या मॅटवर सांडू लागतो आणि शेवटी बसणारा एका बाजूला कलंडतो. पुण्याहून निघून साताऱ्याला पोहोचेपर्यंत कंबर धरते. शोरूममध्ये नव्या सीटची किंमत विचारली, तर जुन्या गाडीच्या आजच्या भावाशी तिचा मेळ बसत नाही. मग कुणीतरी सुचवतो : कुर्ल्याला जा, भंगारात निघालेल्या गाडीची अख्खी सीट मिळेल, तासाभरात बसवूनही देतात.

सल्ला चुकीचा नाही. जुन्या सीटा मिळतात आणि बसतातही. पण इथूनच वाचकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. दुसऱ्या मॉडेलची सीट चालेल का? एअरबॅगचा दिवा पेटलेलाच राहिला तर काय करायचे? आरटीओ अडवेल का, विमा कंपनी हात वर करेल का? आणि ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी दाखवली तर पुढे काय? या साऱ्यांची उत्तरे सीटच्या खऱ्या कामात दडलेली आहेत, म्हणून तेवढे आधी पाहू.

सीट कशाला धरून असते

बहुतेक आधुनिक गाड्यांत पुढच्या सीटबेल्टचे बकल, म्हणजे ज्यात पट्ट्याची जीभ खटकन बसते तो भाग, सीटच्याच लोखंडी सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो. गाडी आदळते तेव्हा पट्ट्यावर येणारा ओढा बकलमधून सांगाड्यात, सांगाड्यातून स्लायडरमध्ये आणि तिथून चार बोल्टांवाटे गाडीच्या तळाच्या पत्र्यात उतरतो. सीट बदलली की बेल्टचा अर्धा आधारही बदलला, असे समजा.

हा ओढा किती असतो? गाड्या बाजारात येण्याआधी ज्या आंतरराष्ट्रीय निकषांवर तपासल्या जातात, त्यांत मोटारीच्या बेल्टची आधारस्थाने खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर प्रत्येकी १३,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे १,३७५ किलो वजनाइतका ओढा देऊन पाहतात. खुद्द सीटला गुरुत्वाच्या २० पट झटका सोसावा लागतो. वीस किलोची सीट त्या क्षणी चारशे किलोंसारखी ओढ घेते. त्यामुळे एक बोल्ट कमी, एक भोक वाढवलेले, एक स्लायडर अर्धवट अडकलेला, हे दोष रोजच्या वापरात जाणवत नाहीत. जाणवतात ते धडकेच्या वेळी.

दुसरी गोष्ट बैठकीच्या आकाराची. बैठकीचा पुढचा भाग किंचित उंच असतो तो दिसायला बरा म्हणून नव्हे. धडकेत माणसाचे ओटीपोट कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरू नये यासाठी. फोम कापून सीट ‘सपाट आणि आरामशीर’ करून देणारे कारागीर हा आधारच काढून टाकतात. खाली फळी घालून उंची वाढवणारेही तेच करतात.

सीट गेली आहे की नुसती गादी?

बाजार गाठण्याआधी घरीच दहा मिनिटे द्या. सीटवर बसा आणि पाठीला जोर लावून मागे रेटा. पाठ डगडगते का? पुढेमागे सरकवल्यावर दोन्ही बाजूंचे स्लायडर एकदम अडकतात, की एकच? हाताने बैठक दाबा : खालची स्प्रिंग किंवा तारेची जाळी तुटून लोंबते आहे का? सीट पूर्ण पुढे सरकवून मागून टॉर्च मारा आणि सांगाड्यावर गंज किंवा चीर शोधा.

सांगाडा, स्लायडर आणि रिक्लायनर, म्हणजे पाठ कलती करणारा भाग, धडधाकट असतील तर अख्खी सीट बदलण्याचे कारणच उरत नाही. चांगला कुशनवाला दबलेला फोम काढून त्याच घनतेचा नवा तुकडा चिकटवतो, तुटलेल्या स्प्रिंगा बदलतो आणि नवे कापड किंवा रेग्झिन शिवून देतो. तुमचे मूळ बोल्ट, मूळ बकल, मूळ वायर, सारे जागच्या जागी राहते. निम्म्याहून अधिक तक्रारींना हाच इलाज पुरेसा आहे असे या लेखाचे ठाम मत आहे, आणि तो स्वस्तही पडतो.

यात एक मधला मार्गही आहे, त्याचा विचार फार कमी लोक करतात. भंगारातून सीट घ्यायची, पण तिची फक्त गादी आणि कव्हर काढून आपल्याच सांगाड्यावर चढवायचे. डाव्या बाजूच्या प्रवासी सीटचा फोम बहुधा नव्यासारखा असतो, कारण अनेक गाड्या चालक एकटाच फिरवतो. तुमच्या मॉडेलमध्ये दोन्ही सीटांची बैठक सारखी असेल तर तो फोम चालकाच्या सीटला लागू होतो. अख्खी डावी सीट उजवीकडे मात्र लावता येत नाही. स्लायडर, बकल आणि पाठ कलती करायची दांडी उलट बाजूला येतात. सीटमध्ये एअरबॅग असेल तर हा मधला मार्गही बंद. त्याचे कारण पुढे येईल.

आता अख्खी सीट कधी बदलावी? सांगाडा वाकला असेल, गंजाने खाल्ला असेल, स्लायडरचे दात झिजले असतील किंवा रिक्लायनर धरत नसेल तर. तिथे वेल्डिंगच्या ठिगळाने भागवू नका.

कोणाची सीट कोणाला चालते

सोपा नियम : तेच मॉडेल, तीच पिढी, तीच श्रेणी. नुसत्या नावावर जाऊ नका. मारुती स्विफ्ट हे नाव एकच असले तरी भारतात तिच्या २००५, २०११, २०१८ आणि २०२४ अशा चार पिढ्या आल्या. विक्रेता ‘स्विफ्टचीच आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण तुमच्या स्विफ्टची ती असेलच असे नाही.

नाव वेगळे आणि अंग एकच, अशाही जोड्या आहेत आणि त्या शोध सोपा करतात. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या फोक्सवॅगन पोलो आणि व्हेंटो, आणि स्कोडाची रॅपिड, या एकाच पायावर उभ्या आहेत. मारुती बॅलेनो आणि टोयोटा ग्लान्झा, अर्टिगा आणि रुमियन, रेनॉ डस्टर आणि निसान टेरानो, निसान मायक्रा आणि रेनॉ पल्स या जोड्याही तशाच. एकीची सीट मिळत नसेल तर दुसरीची शोधा. मात्र वर्ष, श्रेणी आणि वायरचे कनेक्टर तरीही जुळवून पाहा.

श्रेणीचा घोळ सर्वांत जास्त होतो. २०२२ च्या बॅलेनोच्या खालच्या श्रेणींत दोन एअरबॅगा होत्या आणि वरच्या श्रेणींत सहा. खालच्या श्रेणीच्या मालकाला वरच्या श्रेणीची उंची कमी-जास्त होणारी सीट मोहात पाडते. पण तिच्या पाठीत एअरबॅग आहे, आणि त्याच्या गाडीत ती फोडणारा संगणक आणि सेन्सर नाही. उलट झाले तर त्याहून वाईट : सहा एअरबॅगांच्या गाडीत साधी सीट बसली की बाजूच्या धडकेपासूनचे संरक्षण निघून गेले.

अगदी वेगळ्या गाडीची सीट, म्हणजे अल्टोत होंडा सिटीची किंवा जुन्या जीपमध्ये एखाद्या सेडानची, बसवून देणारे कारागीर आहेत. ते पट्ट्या कापतात, तळाला नवी भोके पाडतात, वेल्डिंगने पाय जोडतात. सीट सुंदर दिसते. पण नव्या भोकाखाली कारखान्याने दिलेली जाड पट्टी नसते. तिथे फक्त पातळ पत्रा असतो आणि धडकेत बोल्ट तो फाडून बाहेर येतो. ताकदीच्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली की ते जागीच कमजोर होते, शिवाय मॅटखालचे आवाज शोषणारे अस्तर पेट घेते ते वेगळेच. रोज घरच्यांना घेऊन फिरणाऱ्या गाडीत हा प्रयोग करू नका.

एअरबॅग असलेली सीट

सीटच्या दाराकडच्या कडेला शिवणीत एक छोटी चिठ्ठी असते, तिच्यावर एअरबॅग असे इंग्रजीत लिहिलेले असते. ती दिसली की समजा, पाठीच्या आत छोटा स्फोटक भाग आणि घडी केलेली पिशवी आहे. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतातल्या आपल्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅगा सरसकट दिल्या, इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. त्यामुळे यापुढे भंगारात येणाऱ्या सीटांत ही चिठ्ठी वाढत जाणार.

या सीटचे कव्हर साधे नसते. एअरबॅग जिथून बाहेर पडायची तिथली शिवण ठरावीक ताकदीची, ठरावीक क्षणी फाटणारी असते. कुशनवाल्याने तिथे जाड दोऱ्याची दुहेरी शिवण घातली की पिशवी अडते किंवा भलत्या दिशेला उघडते. सरसकट सगळ्या गाड्यांना बसणारी बाजारू रेग्झिनची कव्हरेही तेच करतात. एअरबॅगच्या जागी मोकळी फट असलेले, त्या मॉडेलसाठीच बनवलेले कव्हरच घ्यावे.

काही महागड्या गाड्यांत डाव्या सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. समोर मोठा माणूस आहे की मूल, यावर एअरबॅग फोडायची की नाही ते तो ठरवतो. तो त्याच गादीशी, त्याच फोमशी जुळवलेला असतो. त्यातला फोम बदलायचा नाही, अदलाबदल करायची नाही. ते काम अधिकृत सेवा केंद्राचे. शिवाय १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक आणि शेजारच्या प्रवाशासाठी बेल्टची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तुमची गाडी त्यानंतरची आणि सीट त्याआधीची असेल, तर ती यंत्रणा मुकी होईल किंवा अखंड पिपाणी वाजवत राहील.

युरोपीय संघाने या बाबतीत २००५ मध्येच कडक भूमिका घेतली. नव्या गाड्या बांधताना जे जुने भाग पुन्हा वापरायचे नाहीत, त्यांच्या यादीत एअरबॅगा आहेत, सीटबेल्ट आहेत, आणि ज्यांच्यात बेल्टची आधारस्थाने किंवा एअरबॅग बसवलेली आहे अशा सीटाही आहेत. ती अट कारखान्यांसाठी आहे, तुमच्या दुरुस्तीसाठी नाही. तरी त्यामागची भीती तुम्हालाही लागू पडते : बाहेरून न दिसणारा दोष तपासायचे साधन बाजारात कुणाकडे नाही. म्हणून एअरबॅग असलेल्या गाडीला सीट हवी असेल तर पहिला पर्याय कंपनीचा नवा भाग. तो परवडत नसेल तर हुबेहूब तीच सीट घ्या आणि बसवल्यावर सेवा केंद्रात स्कॅनर लावून तपासून घ्या. गॅरेजवाला एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये छोटा रेझिस्टर खोचून दिवा विझवू म्हणाला, तर गाडी तिथून बाहेर काढा. त्याने दिवा विझतो, एअरबॅग मात्र नसतेच.

बाजारात गेल्यावर

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार ही जुन्या सुट्या भागांची मोठी ठिकाणे. प्रत्येक शहरात कटिंगवाल्यांची एखादी गल्ली असतेच. तिथे येणाऱ्या सीटांचे उगम तीन : वयोमानाने मोडीत काढलेल्या गाड्या, अपघातात चुरडलेल्या गाड्या, आणि पुरात बुडालेल्या गाड्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून वर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. अशा गाड्या लिलावातून याच बाजारात पोहोचतात. नव्यासारखी सीट स्वस्तात मिळते आहे म्हणजे गाडी तरुण वयात गेली, आणि ती कशाने गेली हे विचारणे तुमचे काम.

पुराच्या सीटपासून दूरच राहा. २६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चे कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ चे चिपळूण; दर मोठ्या पुरानंतर बुडालेल्या गाड्यांचे सामान दूरदूरच्या बाजारांत पसरते. कापड धुऊन उन्हात वाळवले की वरून काही कळत नाही. हेडरेस्ट उपसून तिच्या दांड्यांच्या भोकात नाक लावा : कुबट वास तिथे टिकतो. स्लायडरच्या खोबणीत बोट फिरवा, वाळलेला बारीक गाळ हाताला लागतो. कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट थर आहे का तेही पाहा.

अपघाताची सीट ओळखायची तर ही तपासणी करा :

- दोन्ही पुढच्या सीटा शेजारी ठेवून बकलांची उंची जुळवा. धडकेत बेल्ट ताणून घेणारा स्फोटक भाग फुटला असेल तर ते बकल खाली ओढले गेलेले दिसते. तशी सीट घेऊ नका.
- सीट सपाट फरशीवर ठेवा. चारही पाय टेकले पाहिजेत. एक अधांतरी असेल तर सांगाडा पिळला आहे.
- पाठ मागून पाहा. मागून धडक बसलेल्या गाडीत ती एका खांद्याला मागे झुकते.
- दाराकडची शिवण उघडलेली, नव्याने शिवलेली किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची असेल तर एअरबॅग फुटून गेली आहे.
- पाठ उभी-आडवी करून प्रत्येक खटक्यावर ती धरते का ते पाहा. सीट पुढेमागे करताना दोन्ही स्लायडर एकदम अडकले पाहिजेत.
- खाली चिकटवलेली भाग-क्रमांकाची चिठ्ठी शोधून तिचा फोटो घ्या आणि तुमच्या सीटच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. खरवडून काढलेली असेल तर विचारा, का?

आणि ढेकूण! शिवणींच्या घड्यांत टॉर्च मारून पाहा. बंद गाड्या महिनोन् महिने पडून असतात, त्यांत उंदीरही वस्ती करतात आणि फोम पोखरतात.

मागची बैठक घेत असाल तर ती एकसंध आहे की दोन भागांत दुमडणारी, ते आधी पाहा. दुमडणाऱ्या पाठीचा खटका नीट बसत नसेल तर धडकेत डिकीतले सामान पाठीमागून आत येते. नवी बैठक बसवताना मागचे बेल्ट आणि बकल गादीखाली दाबले जाण्याचे प्रकार आपल्याकडे सर्रास होतात, कारण मागे बेल्ट लावायची सवयच नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांचाही त्यात जीव गेला, आणि त्यांनी बेल्ट लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. बैठक बसवून झाली की मागची तिन्ही बकले वर, हाताशी असली पाहिजेत. कारागिराला पैसे देण्याआधी प्रत्येक बेल्ट लावून पाहा.

माल कुठून आला?

मेरठच्या सोतीगंजचा बाजार जुन्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध होता. चोरीच्या गाड्या तिथे कापल्या जातात म्हणून पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद केला. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तो चोरीचा असावा असे मानायला जागा असताना घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. ‘मला काय माहीत’ हे उत्तर बिल हातात असेल तरच टिकते.

बिलावर दुकानाचे नाव-पत्ता, तारीख, रक्कम, सीट कोणत्या मॉडेलची आणि कोणत्या वर्षाची, आणि ज्या गाडीतून काढली तिचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. पैसे यूपीआयने दुकानाच्या खात्यावर द्या. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडीत काढणारी केंद्रे देशात सुरू झाली आहेत. तुमच्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे सुटे भाग मिळत असतील तर तिथे आधी चौकशी करा, कारण त्यांना प्रत्येक गाडीची नोंद ठेवावी लागते. समाजमाध्यमांवर फोटो पाहून परराज्यातून सीट मागवायची असेल तर वर सांगितलेल्या तपासण्यांचा व्हिडिओ मागा आणि पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका.

बसवताना

एअरबॅग नसलेली सीट हातात थोडी कला असलेला माणूस घरीही बसवू शकतो. गॅरेजमध्ये बसवत असाल तरी शेजारी उभे राहा आणि क्रम असाच आहे ना, हे पाहा.

1. बॅटरीची ऋण तार सोडवा आणि पुस्तिकेत दिला असेल तेवढा वेळ थांबा. पुस्तिका नसेल तर दहा मिनिटे. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज काही काळ साठून राहते. तिचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात.
2. सीट मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट काढा, मग पुढे सरकवून मागचे दोन. सीट कलती करून खालचे कनेक्टर सोडवा, ओढू नका. कनेक्टर सुटलेले असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर बिघाडाची नोंद होते आणि दिवा पेटतो.
3. मॅट उचलून तळ पाहा. कोकण-गोव्यातल्या खाऱ्या हवेत वापरलेल्या, किंवा एसीचे पाणी आत गळणाऱ्या गाड्यांत बोल्टांच्या भोवतीचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले असतात. तिथे नवी सीट बसवण्याआधी पत्र्याचे काम करून घ्यावे लागेल.
4. बोल्ट मूळचेच वापरा. एखादा खराब असेल तर डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा पाहून त्याच ताकदीचा, त्याच आट्याचा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालत नाही.
5. चारही बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा. एखादा जात नसेल तर सीट चुकीची आहे. भोक मोठे करू नका, वॉशरांची चळत लावू नका. मग पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा.
6. कनेक्टर जोडा, बॅटरी लावा, चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटतच राहिला तर बिघाड. मुळात पेटलाच नाही तर कुणीतरी दिव्याची वायर तोडली आहे.

त्यानंतर मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात दोन-तीनदा जोरात ब्रेक मारून पाहा. सीट जराही सरकता कामा नये. हेडरेस्टचे वरचे टोक डोक्याच्या वरच्या टोकाशी आणावे. चालकाच्या छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर तरी अंतर राहिले पाहिजे. नवी सीट उंच किंवा जाड असेल तर हे अंतर बदलते. आठवड्याने बोल्ट पुन्हा तपासा. मुलांची सीट लावत असाल तर ती नव्या गादीवर नव्याने घट्ट बसवा.

धुण्याचा मोह पावसाळ्यात टाळा. फोम पाणी पितो आणि दमट हवेत वाळत नाही, मग चार दिवसांत वास येतो. व्हॅक्यूम, ऊन आणि ओलसर फडके पुरते. खाली वायर असलेल्या सीटवर पाण्याचा पाइप मारायचाच नाही.

आरटीओ आणि विमा

त्याच मॉडेलची सीट त्याच जागी बसवली तर नोंदणी प्रमाणपत्रातले काही बदलत नाही. ही साधी दुरुस्ती आहे, आरटीओत जावे लागत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते ते नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांत फरक पडतो तेव्हा. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. प्रमाणपत्रात आसनसंख्या लिहिलेली असते. पाच आसनांच्या व्हॅनमध्ये जादा बाक टाकणे किंवा समोरासमोरच्या फळ्या बसवणे हा त्यामुळे बेकायदा बदल ठरतो. कलम १८२-अ खाली मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनमध्ये हा बाक फार दिसतो. तुमचे मूल अशा व्हॅनने जात असेल तर एकदा आत डोकावून पाहा.

बेल्ट न लावता गाडी चालवल्यास कलम १९४-ब नुसार १,००० रुपये दंड आहे. ‘नव्या सीटचे बकल लागत नाही’ ही सबब चालणार नाही.

विमा कंपनीला साधी बदली कळवणे गरजेचे नसले तरी बिल आणि फोटो जपून ठेवा. सांगाडा किंवा तळ बदलणारे काही केले असेल, तर आधी लेखी कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी. दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लेखी जा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालये आहेत.

दुकानदाराने हात वर केले तर

जुना माल म्हणून ग्राहकाचे हक्क संपत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीदेखील तशीच प्रथा. ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. अर्थात, दोष दाखवून, कळत असताना आणि त्यासाठी भाव कमी करून घेतलेल्या सीटवर तक्रार टिकणे अवघड. म्हणून बिलावर ‘एअरबॅग शाबूत’, ‘पुरातील नाही’ असे शब्द लिहून घ्यायला संकोच करू नका. लिहून द्यायला तो तयार नसेल तर तेच त्याचे उत्तर समजा.

आधी लेखी किंवा व्हॉट्सॲपवर दोष कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पोटासाठी स्वतःची एकच टॅक्सी चालवणाराही कायद्याच्या लेखी ग्राहकच आहे. ‘गाडी धंद्याची आहे’ असे सांगून त्याला परत पाठवता येत नाही.

काढलेल्या सीटचे काय

बरेच दुकानदार जुनी सीट बदलीत मागतात आणि थोडा भाव कमी करतात. ती लगेच देऊ नका. नवी सीट तीस दिवस वापरून पाहा. परत करायची वेळ आली तर गाडी रस्त्यावर ठेवायला तुमची जुनीच कामी येईल. नंतर बिनएअरबॅगची सीट भंगारात द्यायला हरकत नाही. मात्र तिच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी असेल आणि ती फुटलेली नसेल, तर दारावर येणाऱ्या भंगारवाल्याकडे ती जाता कामा नये. तो सांगाडा गॅसकटरने कापतो, आणि आतला स्फोटक भाग आचेने त्याच्या तोंडासमोर फुटू शकतो. अशी सीट अधिकृत सेवा केंद्राकडे न्या, आत न फुटलेली एअरबॅग आहे हे स्पष्ट सांगा आणि सोपवल्याची पोच घ्या.